रायफलीचं माप

रायफल सोमवारी दुकानात परत जायची होती. आज शनिवार. ईश्वरीने दहावा छर्रा मारला आणि कागद जवळ यायच्या आधीच तिला कळलं, पुन्हा शंभरात चौऱ्याऐंशीच्या आसपास. क्लबच्या जुन्या, शंभर हातांनी गुळगुळीत झालेल्या एअर रायफलीवर ती सहज ब्याण्णव मारायची. स्वतःची पहिली रायफल घेतली आणि नेम गेला.

तीन आठवड्यांत तिने काय नाही लावून बघितलं! डोळ्यापाशी छिद्र लहान-मोठं करणारी चकती, नळीच्या टोकाला वजनं, गालाखाली चामड्याची पट्टी. लेकीला, देवश्रीला, मांडीवर थोपटता थोपटता एका हाताने ती कॅटलॉग चाळायची. पोरीचा डोळा लागला की पान उलटायची. नवरा श्रीरंग प्रबंधातून डोकं वर काढून विचारायचा, "अजून एक दागिना? रायफल आहे की नवरी?"

दागिने स्क्रूचे होते, कधीही काढता येणारे. दुकानदाराची अटच तशी होती. तीन आठवडे वापरा, नाही पटली तर आणून द्या, फक्त लाकडाला धक्का नको.

सासूबाईंना तर ती कधी एकदा परत जाते असं झालं होतं. मालिनीबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर इचलकरंजीहून जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आल्या त्याच दिवशी त्यांनी कपाटातली लांब पेटी पाहिली होती. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे असते, ही फक्त कागदाला भोकं पाडते, असं ईश्वरीने परोपरीने सांगितलं.

"कागदाला भोकं पाडायची तर पंचिंग मशीन आण की," त्या म्हणाल्या. "देऊन टाक सोमवारी. पोर लहान आहे तुझी."

ईश्वरीने मान डोलावली होती. नेम लागत नाही म्हटल्यावर भांडायचं तरी कशाच्या जोरावर? कॉलेजात एनसीसीच्या रायफलीवर तिने पदक घेतलं होतं. तेव्हापासून मनात होतं, एक आपली हवी. आता वाटत होतं, ते वयच गेलं.

आज श्रीरंग लॅबमध्ये अडकला, म्हणून सासूबाई देवश्रीला घेऊन क्लबच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. पायाशी चहाचा थर्मास.

"आजी, लाइजे!" देवश्रीने ओठांवर बोट ठेवून आजीलाच दटावलं. आजी तर चकार शब्द बोलली नव्हती. त्या नुसत्या बघत होत्या. ईश्वरीच्या पाठीकडे, खांद्याकडे, मानेकडे.

ईश्वरी अकराव्या छर्ऱ्यासाठी उभी राहिली आणि मागून आवाज आला.

"मान कशाला ताणतेस?"

"रायफल लांब पडते, आई. खांद्याला टेकते ती मागची पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत आत घेतली आहे. पुढे जागाच नाही."

"म्हणून तू लांब होणार?"

सत्तावीस वर्षं मालिनीबाईंनी ब्लाऊज शिवले. माप देताना कुणी पोट आत ओढलं की त्या टेप खाली ठेवायच्या. सोड श्वास, म्हणायच्या, ब्लाऊज तुझ्यासाठी आहे. त्याही आधी, नव्या नवरीपणी, माहेरहून आलेली त्यांची पहिली शिलाई मशीन सासऱ्यांनी चौथ्याच दिवशी टांग्यात घालून परत पाठवली होती. हा किस्सा त्या हसत हसत सांगत. दुसरी मशीन यायला नऊ वर्षं लागली, हे मात्र श्रीरंगने सांगितलेलं.

त्यांनी पर्समधून टेप काढली. खडूही निघाला.

"उतरव ती खाली. कोपर वाकव. बोट कुठे असतं तुझं? हं. श्वास सोड."

टेप कोपराच्या खळीपासून बोटापर्यंत गेली, मग रायफलीवर. क्लबचे म्हातारे प्रशिक्षक वेर्नर कॉफीचा कप हातात घेऊन जवळ आले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. खडूची रेघ रायफलीच्या लाकडी दस्त्यावर उमटली तसे ते वाकले, अंगठ्याने अंतर मोजलं आणि म्हणाले, "गेनाऊ!"

"काय म्हणतात?"

"बरोब्बर म्हणतात. अडीच सेंटिमीटर जास्त आहे."

"मग विचार आजोबांना, करवत आहे का."

करवत होती. मागच्या खोलीत वेर्नरनी मागची पट्टी काढली, दस्ता शिकंज्यात आवळला आणि पातं रेघेवर टेकवलं. मग थांबले. "आणि सोमवारचं काय?" त्यांनी ईश्वरीला जर्मनमध्ये विचारलं.

सासूबाईंना जर्मनचा गंध नव्हता. गप्प राहिलं असतं तर काम झालं असतं. पण कडेवर देवश्री होती, आणि ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"अहो आई," ती म्हणाली, "एकदा कापली की दुकानदार परत घेणार नाही."

मालिनीबाईंनी खडूची बोटं पदराला पुसली. दस्त्याचं मोकळं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि वेर्नरना मानेनेच खूण केली.

"सत्तावीस वर्षं दुकान चालवलं मी, ईश्वरी. कापलेलं परत जात नाही, हे तू मला सांगतेस?"