तपासणीची पानं

१९९६ साली सणसरच्या सोपानच्या पपईबागेत वीसेक झाडांची पानं पिवळी पडून आकसली. बारामतीच्या कृषी साहेबांनी पानं तपासणीला पाठवायला सांगितली; विषाणू निघाला तर तेवढी झाडं लगेच उपटायची, नाहीतर रोग सगळ्या बागेत पसरेल, असं बजावलं. पुण्याच्या प्रयोगशाळेतून पत्र आलं, 'विषाणू नाही.' पत्र वाचून सोपाननं एकही झाड उपटलं नाही, आणि दिवाळीपर्यंत बागेतल्या सगळ्या सहाशे झाडांवर एक धड फळ उरलं नाही.

साहेब उजाड बागेत पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "असं कसं झालं? पानं तोडली कुणी?"

"मीच की," सोपानची बायको सरुबाई पुढं आली.



"पुन्याला रोगट पानं धाडून बागंची अब्रू घालवायची व्हय, साहेब? चांगली हिरवीगार निवडून, धुऊन-पुसून धाडली हुती."