गाळपेरावरचा प्रकल्प

“हा प्रकल्प तुम्हाला कुणी लिहून दिला?”

कृष्णराज सरांनी बसा म्हणायच्या आधीच विचारलं. समोरच्या बाईनं पदर सावरला.

“म्याच लिवलाय, सर.”

सगळे हेच म्हणतात. धाराशिवच्या या अभ्यासकेंद्रात एम.ए. अर्थशास्त्राला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळं कोण कोण येतं ते विचारू नका. बी.एस्सी.वाले, फार्मसीवाले, तलाठी, गुरुजी. रविवारी दोन तास बसायचं आणि प्रकल्प मात्र स्टँडासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणायचा. मागच्या वर्षी सरांनी असाच एक प्रकल्प डोळे झाकून पास केला. तो पुढं पकडला गेला आणि चारचौघांत सरांची शोभा झाली. तेव्हापासून त्यांचा कुणावर काडीचा विश्वास राहिला नव्हता.

आणि या शिवांजलीचा प्रकल्प तर फारच चांगला होता. माकणी धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की गाळाची जमीन, म्हणजे गाळपेर, उघडी पडते. तिथं कुणाची शेळ्या-मेंढरं कोणत्या वारी चरायची, हे बाया आपसात कसं ठरवतात, त्यावर हातानं लिहिलेली चाळीस पानं. सरांनी दोन दिवस इंटरनेट धुंडाळलं, एक ओळ सापडली नाही. म्हणजे चोरलेला नव्हता. म्हणजे कुणीतरी हुशार माणसानं लिहून दिलेला होता.

“तुम्ही बी.एस्सी. केमिस्ट्री.” सरांनी अर्ज पुढं ओढला. “तेही पहिल्या वर्गात. मग ते सोडून इकडं कशाला?”

तिनं अर्जाकडं पाहिलं. “त्यातलं काय ध्यानात न्हाय आता.”

सरांना हे खटकलं. खरं तर तिचं सगळंच खटकत होतं. हजेरीला नाव दोनदा पुकारल्याशिवाय ही ओ देत नसे. सही करायला पहिलीतल्या पोरीएवढा वेळ लावायची. मात्र दोन एसट्या बदलून पहिल्या बाकावर हजर, दोन वर्षांत एक रविवार चुकवलेला नाही.

“ओळखपत्र?”

तिनं ते टेबलावर ठेवलं. नंबर तेवढा बघून सरांनी ते बाजूला सारलं आणि कोरे कागद पुढं केले.

“ही गाळाची जमीन उद्या एकाच माणसाला दिली तर काय होईल? इथंच लिहा, माझ्यासमोर. अर्धा तास. आणि स्पष्ट सांगतो, जमलं नाही तर प्रकल्प नापास. शेवटचं सत्र आहे. म्हणजे एम.ए. गेलंच.”

तिचा चेहरा उतरला. “दोन वरसं घातलीत, सर,” एवढंच म्हणून ती खाली बसली.

सर खुर्चीवरून हलले नाहीत. पण बाई लिहायला लागली ती थांबेचना. पुस्तक म्हणतं, रान सगळ्यांचं असलं की जो तो आपलीच जनावरं घुसवतो आणि गवत संपतं. तिनं लिहिलं, आमच्याकडं तसं होत नाही. ठरलेला वार मोडणारीशी दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कुणी बोलत नाही, आणि तो अबोला दंडापेक्षा भारी पडतो. जमीन एकाला दिली तर गवत वाचेल, पण बायांचा एकमेकींशी संबंध उरणार नाही, आणि दुष्काळात तोच उपयोगी पडतो. शेवटी ‘पुस्तकवाल्यानं शेळ्या राखल्या नसाव्यात’ असं लिहून तिनं ते खोडलं होतं.

सरांना हसू आलं. अक्षर तेच, डोकंही तेच. बावीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता, आणि आपण तिलाच चोर ठरवलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

“चुकलो मी,” ते म्हणाले. “पहिल्या वर्गाचे मार्क देतोय. आता पीएच.डी. करा. मी स्वतः मदत करीन.”

तिचे डोळे भरून आले. “न्हाय सर. फुडलं जमायचं न्हाय.”

“मग या पदवीचं करणार काय?”

“काय न्हाय. ती ऱ्हाईल घरातच. मला शिकायचं हुतं, तेवढं झालं.”

सर हळहळले. हुशार पोरींचं हे असंच होतं, लग्न झालं की कागद ट्रंकेत. ती पाया पडून निघून गेली तरी ते तसेच बसून होते.

मग त्यांचं लक्ष गेलं. ओळखपत्र टेबलावरच राहिलं होतं. ते घेऊन सर मागोमाग बाहेर आले. ती व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरी उभी होती, फोन कानाला.

“दादा, म्या महानंदा. शिवांजली वैनीकडं दे की फोन.” जरा वेळ गेला. मग ती डोळे पुसत हसली. “वैनी, तुमी पास झालात.”