चावायचं, गिळायचं नाही

"आई, मीठ बघा बरं जरा," म्हणत सुनेनं सुपाचा चमचा पुढे केला.

आईनं सूप तोंडात घेतलं, जिभेवर घोळवलं आणि हातातल्या वाडग्यात थुंकून टाकलं. "मीठ बेताचं आहे. मिरी घाल अजून. आणि बटाटे उतरव आता, नाहीतर करपतील."

गिळायची सोयच उरली नव्हती. दुखण्यात अन्ननलिका पार बुजून गेली होती आणि डॉक्टरांनी थेट पोटात नळी बसवून दिली होती. जेवण त्या नळीतून ओतायचं. पण आधी चार घास नीट चावायचे, चव घ्यायची आणि थुंकून टाकायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिभेला चव लागली की पोट पाचक रस सोडायला लागतं, अन्न आत आलं की आणखी सोडतं आणि काम उरकत आलं की आपलं आपण आवरतं घेतं. त्याला वर्दी न देता नुसतंच ओतलं, तर अन्न धोंड्यासारखं बसून राहतं. एकदा कंटाळा करून तिनं ते भोगलंही होतं.

शर्टाची बटणं लावत मुलगा आत आला. "आई, ऑफिसातले साहेब आणि बाईसाहेब जेवायला येतीलच एवढ्यात. आज तू तुझ्या खोलीत उरकून घे. सगळं मिक्सरमधून काढून ठेवलंय, नुसतं ओत."

"आणि चावायचं काय?"

"एक दिवस नाही चावलंस तर काय आभाळ कोसळणार आहे? लोकांसमोर ते बरं दिसत नाही गं. किळस येते."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मीठ बघायला माझं तोंड चालतं, आणि टेबलाशी बसले की त्याच तोंडाची किळस! गरज सरो, वैद्य मरो."

सून खाली मान घालून बटाटे काढत राहिली. मुलानं आईला खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

समोर तांब्याभर पातळ केलेलं जेवण होतं, शेजारी नरसाळं. तिनं दोन्हीला हात लावला नाही. लहानपणी ह्या पोराला दात नव्हते, तेव्हा माझ्या ह्याच तोंडानं चावून मऊ केलेले घास हा मिटक्या मारत खायचा. तेव्हा नाही आली किळस!

बाहेर चमचे वाजू लागले.

"वा, सूप फर्मास झालंय!" साहेबांचा आवाज. "आई कुठे दिसत नाहीत?"

"तिला बरं नाही. पडलीय जरा," मुलगा म्हणाला. "तसंही ती आता जेवत नाही."

दाराच्या फटीतून भाजलेल्या बटाट्यांचा वास आत आला आणि आईचं पोट गुरगुरायला लागलं. त्या बिचाऱ्या पोटाला काय ठाऊक, घरात काय ठरलंय ते. त्यानं आपलं काम सुरूसुद्धा केलं होतं.

ती उठली. काखोटीला वाडगा, हातात तांब्या आणि नरसाळं घेऊन थेट टेबलाशी गेली आणि खुर्ची ओढून बसली.

"बरी आहे मी," ती पाहुण्यांना म्हणाली. "घशाखाली उतरत नाही, म्हणून चावून थुंकून टाकते आणि मग पोटातल्या नळीनं घेते. तुम्ही जेवा सावकाश."

तिनं बटाट्याचा तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटून चावला, चावला, आणि वाडग्यात थुंकला. साहेब ताटात बघू लागले. बाईसाहेबांनी मुकाट्यानं पावाची थाळी तिच्याकडे सरकवली.

मुलाचा चेहरा लालबुंद झाला. गालातला घास तसाच ठेवून तो पुटपुटला, "आई, बस झालं. आत चल."

"बस कधी करायचं ते माझं पोट मला सांगेल. तू नको सांगूस."

तिनं पाव मोडला. मग त्याच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं.

"आणि तू काय तोंडात धरून बसलायस? गीळ की. तुझा घसा तर उघडा आहे ना?"