कोणावाचून अडत नाही

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी साहेब हसत हसत म्हणाले होते, “बाई, कोणावाचून कोणाचं अडत नाही हो!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीसुद्धा. तेव्हापासून उशा उन्हात घालणं आणि सुनेच्या स्वयंपाकात लुडबुड न करणं, एवढंच काम त्यांना उरलं होतं.

आज ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. आवाज पार पडलेला.

“बाई, सोमवारपासून एकही स्कॅन फोल्डरमध्ये जात नव्हतं. साहेब नुसते डोक्यावर बसलेत. वायर बदलली, स्कॅनचं मशीन दहादा बंद-चालू केलं. आत्ता कळलं, मशीन अजून तुमच्याच नावाने फोल्डर उघडायला जातंय, आणि तुमचं कॉम्प्युटरवरचं खातं तर साहेबांनी शनिवारीच बंद करायला लावलं.”

“म्हणजे अडलं की रे माझ्यावाचून!” बाईंना हसू आवरेना.

“हो ना. आता साहेबांचं नाव घातलं, झालं सुरू. तुमचं तेवढं काढायचं राहिलंय.”

बाईंचं हसू मावळलं. “मग काढ की. त्यासाठी फोन कशाला?”

 

“मशीन विचारतंय, ‘नक्की काढायचं?’ मघापासून नुसता बघत बसलोय, बाई. बटणावर बोटच जाईना.”