खांबाला वळसा

चेंडू मागे पडला आणि शरयू पुढेच पळत सुटली. हे पाचव्यांदा.

ज्ञानदाने हातातल्या पॅडवर पेन आपटलं. शनिवारी सकाळी साडेनऊलाच डॅलसजवळच्या अर्विंगच्या पार्कात उन्हाने उभं राहवत नव्हतं, आणि त्यात ही पोरगी. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू लांबुळका. टप्पा पडला की कुठे उडेल याचा नेम नाही. जी पटकन वळेल तिला तो मिळणार, एवढी साधी गोष्ट. ही बया मात्र चेंडू मागे सोडून तशीच पुढे जायची, मैदानाच्या टोकाला गोलसाठी रोवलेला प्लास्टिकचा पाइप एका हाताने धरायची, त्याला गर्रकन वळसा घालायची आणि मगच परत फिरायची. तोवर चेंडू दुसऱ्याच कुणाच्या तरी काखेत. मघाशी तर तो खांबच उपटून हिच्या हातात आला. मुली पोट धरून हसल्या. ज्ञानदाला अजिबात हसू आलं नाही.

येणार कसं? हिला घ्या म्हणून हट्ट तिनेच धरला होता. डॅलसच्या चारही टीम्सनी नव्या मुली पाळीपाळीने निवडल्या, तेव्हा ज्ञानदा जिच्यात खेळायची त्या टीमच्या कोच मेगनला बास्केटबॉल खेळलेली एक सहाफुटी मुलगी हवी होती. ज्ञानदा शरयूवर अडून बसली. सांगलीहून एमएसला आलेली काटकुळी मुलगी, फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात नुसतं ‘रनिंग’ लिहिलेलं, पण धावायला लागली की बाकीच्या जागेवर उभ्या आहेत असं वाटावं.

ऑक्टोबरच्या मोठ्या टुर्नामेंटला बावीस जणी जाणार होत्या. एकवीस नावं पक्की झाली होती. उरलेली एक जागा शरयूची, नाहीतर ज्ञानदाची. मेगनने सकाळीच आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, ही मुलगी वळायला शिकली तर ती जाईल, नाहीतर तू. आणि मार्क तूच दे, तुझ्याइतका विश्वास मला दुसऱ्या कुणावर नाही. बाई गं, हे माझ्या गळ्यात घालू नकोस, असं ज्ञानदाने तेव्हाच म्हणायला हवं होतं. ती ‘शुअर’ म्हणून मोकळी झाली. वय बेचाळीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. यंदा राहिलं ते कायमचंच राहणार होतं.

वळण्याच्या रकान्यात शून्य टाकलं की विषय संपला. कुणी बोट दाखवलं नसतं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिचा नुसता जळफळाट होत होता. मुलगी वाईट खेळणारी असती तर किती बरं झालं असतं.

पाणी प्यायला सगळ्या थांबल्या तेव्हा तिने शरयूला बाजूला घेतलं आणि चांगलं फैलावर घेतलं. कान आहेत का, मेगन ओरडते ते ऐकू येतं का, मागे पडलेला चेंडू दिसतो का. शरयू मान खाली घालून सॉरी ताई, सॉरी ताई करत राहिली. सगळं कळतं, म्हणाली, पण पाय ऐकत नाहीत.

“ऐकत नाहीत म्हणजे काय? वळायला काय होतं तुला?”

“ताई, मागे वळलं की फाऊल असतो ना. बारा वर्षं तेच खेळले. जिल्ह्याच्या टीममध्ये होते.” शरयूने ओशाळून घाम पुसला. “इथे खो-खो कुणाला माहीत असणार, म्हणून फॉर्मवर नाही लिहिलं.”

ज्ञानदाने कपाळावर हात मारला. शाळेत पाच वर्षं ती स्वतः हेच खेळली होती. एवढा खांब धरून गिरकी घेतलेली दिसते आणि आपल्या डोक्यात उजेड पडत नाही! आता काय करायला हवं तेही तिला लख्ख कळलं. कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं.

मेगनने शिट्टी वाजवली आणि आता शेवटचा चान्स म्हणून सांगितलं. ज्ञानदाने पॅड गवतावर ठेवलं, जवळून बघते म्हणाली आणि मैदानात जाऊन उभी राहिली.

मेगनने चेंडू उंच मारला. टप्पा पडला, चेंडू वेडावाकडा उसळून शरयूच्या डोक्यावरून मागे गेला, आणि शरयू सवयीने पुढे, थेट खांबाच्या दिशेने निघाली. ती ज्ञानदाच्या शेजारून गेली. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. एवढंच. जाऊ दे तिला, ऑक्टोबर तुझा आहे.

ज्ञानदाने दातओठ खात तिच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. “खो!”

शरयूचे पाय जागच्या जागी फिरले. कुणाला काही कळायच्या आत तिने चेंडू उचलला, अंगावर आलेल्या दोघींच्या मधून निसटली आणि धावता धावता किक मारली. चेंडू समोरच्या टोकाच्या दोन खांबांच्या मधून पार झाला. मुली ओरडत तिच्याकडे धावल्या.

मेगन मात्र उलट्या दिशेने धावत आली. ज्ञानदा मैदानाच्या मधोमध उकिडवी बसली होती, कित्येक वर्षांत दुमडले नव्हते असे गुडघे दुमडून. गुडघा गेला का, मेगनने घाबरून विचारलं आणि उठवायला हात पुढे केला.

ज्ञानदाने नाही म्हणून मान हलवली. हात धरला नाही.

“खो दिला की बसायचं असतं,” ती म्हणाली, मराठीतच.