तीस अंश

"मॅडम लिफ्टपाशी आल्यात," वॉर्डातल्या मावशींनी दारातूनच सांगितलं, आणि अतिदक्षता विभागातल्या सहाही खाटा उशाकडून भराभर वर यायला लागल्या.

सिस्टर चार नंबरच्या पायथ्याशी वाकून हँडल फिरवत होती. खाटेच्या कडेला कोन दाखवणारी छोटी तबकडी होती. तिची सुई तीसवर आली तशी सिस्टर कमरेला हात लावून उठली आणि सकाळपासून सगळं असंच होतं असा चेहरा करून उभी राहिली.

नियम तिला तोंडपाठ होता. नव्या मुलींना तीच तो शिकवायची. घशात व्हेंटिलेटरची नळी असलेला माणूस सपाट झोपला की तोंडातली लाळ आणि पोटातलं पाणी नळीच्या कडेकडेने छातीत उतरतं, आणि न्यूमोनिया होतो. म्हणून उशाकडची बाजू तीस अंश वर ठेवायची, चोवीस तास. पण वर ठेवलेला माणूस तासाभरात खाली घसरतो. त्याला पुन्हा वर ओढायला दोघी लागतात, आणि सहा पेशंटमागे मुळात होत्याच दोघी. सिस्टरची कंबर तर याच ओढाओढीत कामातून गेली होती. मग खाटा सपाट राहायच्या आणि तक्त्यावर दर तासाला तीसचा आकडा पडायचा. बाकी कामात तिने कधी अंग चोरलं नाही. दर चार तासांनी ती प्रत्येकाचं तोंड औषधाने पुसायची, जिभेखालून, गालांच्या आतून, जराही घाई न करता. त्यामुळे त्या आकड्यांबद्दल तिचं मन तिला फारसं खात नसे.

चार नंबरला काटेवाले काका होते. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. नसांच्या आजाराने आधी पाय गेले, मग हात, मग श्वास. डोकं मात्र लख्ख होतं. नऊ दिवसांनी उजव्या हाताची बोटं हलायला लागली, तेव्हा सिस्टरनेच हौसेने त्यांना पाटी आणून दिली. सोमवारी नळी काढून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. काकू रोज पाचला यायच्या आणि सोमवारला किती दिवस राहिले ते त्यांना सांगायच्या. आमच्या ह्यांनी चार ग्रॅमची लबाडीसुद्धा कुणाची चालवून घेतली नाही, दुकानदार टरकून असायचे, हेही त्यांनी सिस्टरला दोनदा सांगून झालं होतं.

मॅडम आल्या. वॉर्डात संसर्ग होऊ नये हे बघायचं त्यांचं काम, आणि मंगळवार-शुक्रवार हे त्यांचे वार. त्यांनी तक्ता पाहिला, तबकडी पाहिली. मग एरवी कधी न केलेली गोष्ट केली. वाकून थेट पेशंटलाच विचारलं.

"काका, ही खाट दिवसभर अशीच असते ना?"

काकांनी मॅडमकडे पाहिलं, मग सिस्टरकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली. हो.

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी तिची पाठ थोपटली, बाकीच्या वॉर्डांना इथे शिकायला पाठवते म्हणाल्या आणि गेल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच हँडल उलटं फिरलं. काका बिचारे औषधाच्या गुंगीत असतील, त्यांना प्रश्नच कळला नसेल, अशी सिस्टरने स्वतःची समजूत घातली. चहाच्या वेळी जोडीदारणीला हा किस्सा सांगून ती हसलीसुद्धा.

शनिवारी तिला सुट्टी होती. रविवारी ती आली तेव्हा काकांना एकशे दोन ताप होता. नळीतून ओढलेला कफ पिवळा आणि घट्ट होता. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली पांढरा डाग दिसत होता. डॉक्टरांनी सोमवार रद्द केला. आता नळी कधी निघेल, निघेल की नाही, हे ते सांगेनात. काकूंशी बोलायला त्यांनी सिस्टरलाच बाहेर पाठवलं.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले आणि सिस्टरचा हात धरला.

"तुम्ही पोटच्या मुलीसारखं केलंत," त्या म्हणाल्या. "तुमचा काय दोष?"

सिस्टरला त्यांच्याकडे बघवेना. खरं काय ते सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि "काळजी घ्या" एवढंच म्हणाली. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की हात सोडवून घेऊन ती जवळजवळ पळतच आत गेली.

चार नंबरचं हँडल तिने तीसपर्यंत फिरवलं. मावशींना हाक मारून दोघींनी काकांना वर ओढलं, पाठीशी उशा लावल्या. कमरेत सणकन कळ गेली. जाऊ दे, दुखायलाच हवं, असं तिला वाटलं. ही खाट आता कुणी खाली करायची नाही, असं तिने जोडीदारणीला बजावलं आणि उरलेल्या पाचही वर करायला लावल्या.

काकांचे डोळे तापाने लाल झाले होते. ते गोंधळून एकदा दाराकडे, एकदा सिस्टरकडे बघत होते. त्यांची बोटं पाटीसाठी चाचपडायला लागली. पाणी हवं असेल, नाहीतर काकूंना बोलवायचं असेल, असं समजून तिने पाटी धरली आणि त्यांच्या बोटांत खडू दिला. वेडीवाकडी अक्षरं उमटायला बराच वेळ लागला.

"आज रविवार. मग हो कुणाला म्हणायचं?"