दगडाचे ठोके
बावीस वर्षं माती तपासणाऱ्या सुभाषचंद्रांच्या डोळ्यांत नवी इंजिनिअर कश्मिरा खुपायची. बिजौलीला नव्या कारखान्याच्या जमिनीत मातीचा नमुना घेणारी नळी शिरायला हातोड्याचे पन्नास ठोके लागले, म्हणजे माती घट्ट, उथळ पाया पुरेल, असा तिचा अहवाल वाचून साहेब खूश झाले. पण नंतर नळीच्या तोंडाशी सुभाषचंद्रांना दगड अडकलेला दिसला; भोवतीची माती मऊच होती. त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गप्प बसलं, तर पाया खचून तिचं नाव बुडेल! पण तिथे माणसं काम करणार होती. त्यांनी दगड तिच्यापुढे ठेवला. शेजारी पुन्हा नळी ठोकली. आठच ठोके लागले. ती तडक साहेबांकडे गेली. "सर, गलती मेरी थी. सुभाषजी ने पकड़ी." साहेब भारावले. "वाह बेटा, ईमानदारी इसे कहते हैं!" बाहेर येऊन ती सुभाषचंद्रांच्या पाया पडली. "यशस्वी हो," ते कसेबसे म्हणाले.